आजोबांची फेवरलुबा आणि एक हिरवी एचएमटी पायलट: जाणकारांचा सल्ला हवा आहे

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी. जुन्या घड्याळांच्या या विभागात मी नवीन आहे. आधीचे धागे वाचून काढले, पण माझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर सापडलं नाही म्हणून नवा धागा काढतो आहे.

आमच्या घरी आजोबांचं फेवरलुबा सी-किंग आहे. 1968 साली त्यांच्या लग्नात सासरकडून मिळालेलं. आजोबा प्राथमिक शिक्षक होते. ज्या ज्या खेड्यात बदली झाली तिथे शाळेची घंटा याच घड्याळावर वाजायची. ते गेल्यानंतर आजीने घड्याळ रुमालात बांधून ट्रंकेत ठेवलं होतं. यंदा आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) माझं लग्न आहे आणि लग्न लागताना ते माझ्या हातात असावं अशी तिची फार इच्छा आहे.

चावी दिली की चालतं, तासाभरात थांबतं. हलवलं की पुन्हा चालू होतं. डायल पिवळसर पडली आहे आणि 4 आणि 5 च्या मध्ये एक तपकिरी डाग आहे. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, ठेवून जा, मुंबईहून डायल नवी करून आणतो, शोरूममधून आणल्यासारखं दिसेल. वडील म्हणतात केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) सोन्याची असू शकते, आधी जळगावला सराफाकडे तपासू. मित्र म्हणतो अशा घड्याळांना खूप किंमत येते. तर याची किंमत साधारण किती असेल, आणि डायल नवी करावी का?

दुसरं म्हणजे मला स्वतःसाठी रोज वापरायला एक एचएमटी पायलट घ्यायची आहे. एका विक्रीच्या साइटवर हिरव्या डायलची मिळते आहे, ‘जुना स्टॉक, न वापरलेलं’ असं लिहिलं आहे. घेऊ का?

लंबक (धुळे)

गिरणाकाठ, लग्नाच्या आगाऊ शुभेच्छा. बाकी सगळं नंतर. आजपासून त्या घड्याळाला चावी देऊ नका आणि हलवून चालू करू नका.

कारण सांगतो. आतल्या चाकांच्या आसाची टोकं केसाइतकी बारीक असतात आणि ती माणकांच्या (ज्वेल, म्हणजे कठीण खड्यांच्या) भोकांत फिरतात. त्या काळातलं चावीचं घड्याळ बहुधा तासाला 18,000 ठोके घेतं, म्हणजे सेकंदाला 5. तेल ताजं असेल तर हे वर्षानुवर्षं चालतं. तेल सुकलं की त्यात धूळ मिसळते आणि ती टोकं घासली जायला लागतात. तासाभरात थांबणं ही बहुतेक वेळा सुकलेल्या तेलाचीच तक्रार असते आणि ती सर्व्हिसने जाते. तसंच हलवत चालवत राहिलात तर आस झिजतात. मग भाग बदलावे लागतात आणि फेवरलुबाचे भाग आता सहज मिळत नाहीत.

आता फोटो टाका. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता. डायलचा अगदी समोरून एक, बाजूने एक ज्यात चावी दिसेल, मागच्या झाकणाचा एक. डायलच्या तळाशी, 6 च्या खाली, काचेच्या कडेला लागून बारीक अक्षरं असतील ती भिंगाने वाचून जशीच्या तशी लिहा. झाकण घरी उघडू नका. घड्याळजीकडून उघडून घ्या आणि मशीनचा फोटो काढा. चावी सोडून केसची रुंदी किती मिलिमीटर तेही मोजा.

किमतीचं शेवटी बोलू. नवीन येणारे बहुतेक जण पहिल्याच ओळीत किंमत विचारतात आणि त्यात काही गैर नाही. पण आतलं मशीन बघितल्याशिवाय जो किंमत सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. डायल नवी करायला तर अजिबात देऊ नका, निदान या धाग्यावर बोलणं पूर्ण होईपर्यंत.

पांझराकाठ (धुळे)

आजोबासनी घडी शे ती, तिले रंग देवू नका भाऊ. लंबक काका सांगतस तसंच करा.

भुसावळ जंक्शन (भुसावळ)

घंटेचं वाचून बरं वाटलं. माझी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे वेळ म्हणजे आमच्यासाठी पोटापाण्याचा विषय होता.

नवीन लोकांसाठी थोडं विषयांतर करतो, कारण आमच्या भागात हे फार घडतं. भुसावळ रेल्वेचं गाव, म्हणून घराघरात कुणाच्या ना कुणाच्या पणजोबांचं खिशातलं घड्याळ निघतं. मागच्या झाकणावर वाफेचं इंजिन कोरलेलं असतं आणि घरचे सांगतात, हे रेल्वेने दिलेलं घड्याळ. बहुतेक वेळा तसं नसतं. 1867 साली जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ नावाच्या कारागिराने कष्टकऱ्यांना परवडेल असं स्वस्त, जाडजूड घड्याळ बाजारात आणलं. माणकांऐवजी पोलादी खिळ्यांवर चालणारं, कमी भागांचं. त्या पद्धतीची घड्याळं पुढे अनेक कारखान्यांनी लाखांनी काढली आणि खपावीत म्हणून त्यांवर इंजिनाचं चित्र आणि ‘रेल्वे’ शब्द घातला. रेल्वेचं खरं घड्याळ ओळखायचं तर चित्र बघू नका. रेल्वेचं आद्याक्षर आणि साठ्याचा क्रमांक कोरलेला आहे का ते बघा आणि आत माणकं आहेत का ते बघा.

अर्थात रॉस्कॉफ घड्याळ असेल तरी फेकू नका. ज्या माणसाने ते विकत घेतलं त्याच्यासाठी तो महिन्याच्या पगाराचा विषय असेल.

गिरणाकाठ (भडगाव)

लंबक काका, फोटो टाकले आहेत. चावी देणं बंद केलं. चाळीसगावला एक वयस्कर घड्याळजी आहेत, त्यांनी माझ्यासमोर झाकण उघडून दिलं.

6 च्या खाली भिंगाने वाचलं तर ‘टी स्विस मेड टी’ असं आहे, दोन्ही बाजूंना एकेक टी. काट्यांच्या मधल्या पट्टीत पिवळसर माती भरल्यासारखं काहीतरी आहे, तसेच ठिपके आकड्यांशेजारी आहेत. सेकंदकाट्याचा रंग बाकीच्या दोघांपेक्षा जास्त चकचकीत दिसतो. मशीनवर फेवरलुबाचं नाव आणि 17 ज्वेल लिहिलं आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीसारख्या अणकुचीदार वस्तूने ओरखडून काही आकडे लिहिले आहेत, ते काय?

आणि एक सांगायचं राहिलं. धागा काढल्या दिवशीच मला एका सदस्याचा खाजगी निरोप आला की डायल खराब असल्यामुळे याला फारशी किंमत नाही, तरी मी 2 हजारांत घेतो, आज पैसे पाठवतो.

लंबक (धुळे)

त्या निरोपाला उत्तर देऊ नका, संपादकांना कळवा. नवीन माणसाने फोटो टाकले की असे निरोप येतातच. जो माणूस चारचौघांत धाग्यावर मत देत नाही आणि खाजगीत घाई करतो, त्याला तुमच्या घड्याळाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते, म्हणून तो घाई करतो. सगळी चर्चा इथेच होऊ द्या. एकाचं चुकलं तर दुसरा दुरुस्त करतो.

आता फोटोंबद्दल. मला फार आनंद झाला आहे, तो का ते सांगतो.

डायल मूळची आहे. दोन टी म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या रंगातला पदार्थ. 1960 च्या दशकात रेडियम मागे पडलं आणि त्याच्या जागी हे आलं, म्हणजे 1968 च्या लग्नाशी ते बरोबर जुळतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास असतं, म्हणून आता ते चमकणार नाही. ठिपक्यांचा आणि काट्यांतल्या रंगाचा पिवळेपणा सारखा आहे, म्हणजे तास-मिनिटाचे काटे आणि डायल एकत्रच म्हातारे झालेत. सेकंदकाटा मागाहून बदललेला दिसतो. चावीही केसच्या मानाने मोठी आहे, तीही बदललेली असावी. कधीकाळी तुटली असेल आणि गावात मिळाली ती बसवली असेल. यात बिघडलं काहीच नाही.

झाकणाच्या आतले आकडे ही घड्याळजींची स्वतःची नोंद. सर्व्हिस केली की तारीख किंवा गिऱ्हाइकाचा क्रमांक ओरखडून ठेवायची जुनी पद्धत आहे. त्या ओळी मोजा. जितक्या नोंदी, निदान तितक्यांदा आजोबांनी घड्याळ उघडून साफ करून घेतलं. कुणी झाकण पॉलिश करायला निघालं तर आतल्या बाजूला हात लावू देऊ नका.

फेवरलुबा ही स्वित्झर्लंडची, 1737 पासूनची पेढी आणि 19व्या शतकापासून मुंबईत तिचा व्यापार होता. म्हणून आपल्याकडे लग्नाच्या घड्याळांत हे नाव इतकं सापडतं. आणि नेमकं म्हणूनच रंगवलेल्या डायलच्या फेवरलुबाही आपल्याकडे ढिगाने आहेत. तुमच्यासारखी न रंगवलेली फार थोडी उरली आहेत. डाग आहे, असू द्या.

सातपुडा (शहादा)

लंबक काकांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. घड्याळ शेवटी हातात घालायचं आहे. माझ्या वडिलांच्या एचएमटी जनता घड्याळाची डायल पार काळी पडली होती, आकडे दिसत नव्हते. मी ती रंगवून घेतली आणि आज वडील ते रोज घालतात. संग्राहक मंडळी मूळ डायल, मूळ डायल म्हणतात ते विकायच्या दृष्टीने. ज्याला विकायचंच नाही त्याने का म्हणून डाग बघत राहायचं?

लंबक (धुळे)

सातपुडा, तुमचा मुद्दा रास्त आहे. आकडेच दिसत नव्हते तर वडिलांसाठी तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. वाचता न येणारं घड्याळ घालून उपयोग काय?

पण इथे सगळे आकडे स्वच्छ वाचता येतात. आणि डायल रंगवतात म्हणजे काय करतात ते नवीन लोकांनी एकदा समजून घ्यावं. जुनी अक्षरं, रंग, चमक सगळं रसायनाने धुऊन काढतात. खाली नुसता पत्रा उरतो. त्यावर नवा रंग मारून नव्या ठशाने छापतात. गिरणाकाठच्या घड्याळावरची ती दोन टीची ओळ, ज्यावरून आपण आता काळ ठरवला, ती धुतली जाईल आणि परत येणार नाही. विकायचा प्रश्नच सोडा. आजोबा शाळेत ज्या डायलकडे बघत होते ती डायल राहणार नाही.

रंगवलेली डायल ओळखायच्या खुणा लिहितो. छपाई जाड आणि कडा फुटलेली असते. मिनिटांच्या रेषा उठावदार खुणांशी नीट जुळत नाहीत. तळाची ‘स्विस मेड’ ओळ गायब असते किंवा भलत्या जागी असते. डायलच्या कडेला कधी कधी बारीक खाच दिसते, छपाईला सरळ बसवण्यासाठी पाडलेली. तारखेच्या खिडकीच्या कडा रंगाने बुजून गोल होतात. मशीनशीही ताडून बघायचं. फेवरलुबाने 1962 साली एफएल 251 हे दोन कमानडब्यांचं (चावीची ताकद साठवणाऱ्या स्प्रिंगचे दोन डबे असलेलं) अगदी सपाट मशीन काढलं, जाडी तीन मिलिमीटरपेक्षाही कमी. डायलवर ‘ट्विन पॉवर’ छापलेलं असेल तर आत दोन डबे दिसले पाहिजेत. एकच दिसला तर डायल तरी दुसऱ्याची, नाहीतर मशीन तरी.

सुवर्णनगरी (जळगाव)

घराणं सराफीतलं, म्हणून सोन्याबद्दल मी बोलतो.

गिरणाकाठ, वडिलांना सांगा, कसोटीवर घासायला कुणालाही देऊ नका. घासलेली खूण कायमची राहते. आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. स्विस घड्याळाची केस खरी सोन्याची असेल तर झाकणावर शिक्के असतात: 18 कॅरेटला 0.750 आणि स्त्रीच्या चेहऱ्याचा बारीक ठसा, 14 कॅरेटला 0.585 आणि खारीचा ठसा. सोन्याचा मुलामा असेल तर ‘मायक्रॉन’ असं लिहिलेलं सापडतं, 10 किंवा 20, ती मुलाम्याची जाडी. काहीच सापडलं नाही तर पट्टा बसतो त्या शिंगांच्या कडा आणि मागची बाजू बघा. घामाने तिथला मुलामा आधी जातो आणि खालचं पितळ दिसतं. तुमच्या बाजूच्या फोटोत मला खालच्या शिंगावर तसं दिसतं आहे आणि मागचं झाकण स्टीलचं आहे. म्हणजे मुलामा.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. भाव चढले की लोक जुनी सोन्याची घड्याळं मोडीत आणतात. मशीन काढून बाजूला टाकतात आणि केस वितळते. माझ्यासमोर असं कुणी आलं तर मी आधी मशीन बघायला लावतो. तुमचं तर सोनंच नाही, त्यामुळे ती चिंता मिटली. पुन्हा मुलामा चढवू नका, त्यासाठी आधी केस घासावी लागते आणि तिच्या धारदार कडा गोल होऊन जातात.

बालकमानी (अमळनेर)

माझा जीव एचएमटीत आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देते. ती हिरवी पायलट घेऊ नका.

एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळूरला घड्याळं काढायला सुरुवात केली. स्विस घड्याळांच्या आयातीवर बंधनं होती, बाहेरचं घड्याळ एकतर महाग नाहीतर चोरट्या मार्गाने आलेलं. त्या काळात गावच्या मास्तरला, तलाठ्याला, एसटीच्या कंडक्टरला रीतसर पावतीवर मिळालेलं पहिलं घड्याळ म्हणजे जनता. पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही सगळी तिची भावंडं. देवनागरी आकड्यांची डायल काढली, अंधांसाठी ब्रेलचं घड्याळ काढलं. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि त्यानंतर मागणी एकदम वाढली.

आता बाजारात काय चालतं ते नीट वाचा. सुटी जुनी मशीनं उपलब्ध आहेत. नव्या केसमध्ये ती बसवतात, वरून नवी छापलेली डायल आणि नवे काटे घालतात, आणि ‘जुना स्टॉक, न वापरलेलं’ म्हणून विकतात. मशीन खरं असतं, म्हणून विकणारा म्हणतो घड्याळ खरं आहे. पायलट म्हटलं की काळी डायल, मोठे आकडे, चमकणारे काटे. हिरवी, केशरी, मोरपंखी दिसली तर बहुतेक वेळा ती रंगाऱ्याकडून आलेली असते.

विकणाऱ्याकडे मशीनचा फोटो मागा. त्यावर एचएमटीची खूण, 0231 हा मशीनचा क्रमांक आणि 17 ज्वेल दिसायला हवं. स्क्रूंच्या खाचा बघा. त्या फाटलेल्या असतील तर बऱ्याच हातांनी उघडलंय. डायल अगदी कोरी करकरीत आणि झाकणावर मात्र ओरखडे, असं असेल तर दोन घड्याळं मिळून एक केलेलं आहे. झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलं असेल तर फक्त झाकण स्टीलचं. बाकी केस पितळेवर क्रोमची असते आणि आपल्याकडच्या घामाने तिला खड्डे पडतात, ते बाजूच्या फोटोत दिसतात. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

रोज वापरायलाच हवी आहे तर ऑनलाइन कशाला? आपल्या गावात विचारा. आमच्याकडे जुन्या गिरणी कामगारांच्या, शिक्षकांच्या घरांत जनता आणि पायलट कपाटात पडून आहेत. एकाच घरात राहिलेलं, एकाच माणसाने वापरलेलं घड्याळ मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही. पण घेताना योग्य पैसे द्या. समोरच्याला किंमत माहीत नाही म्हणून पडेल भावात उचलू नका.

तोरणमाळ (नंदुरबार)

मीही नवीनच. याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे आजोळहून आलेलं फार जुनं मनगटी घड्याळ आहे, नाव पुसलं आहे. आकडे जाड, तपकिरी मातीसारखे भरलेले. अंधारात चमकत नाही. धाकटा भाऊ म्हणतो आकडे टोकदार सुईने खरवडून त्यात नवा चमकणारा रंग भरू.

लंबक (धुळे)

तोरणमाळ, भावाला आत्ताच्या आत्ता थांबवा. सुई लावू नका. काच उघडी असेल तर तोंड जवळ नेऊन फुंकरही मारू नका.

तुमच्या वर्णनावरून ते रेडियम असण्याची मोठी शक्यता आहे. जुन्या काळी रेडियमचे क्षार आणि झिंक सल्फाइड मिसळून हा रंग करत. चमकतं ते झिंक सल्फाइड, आणि ते काही दशकांत थकून जातं. रेडियम मात्र थकत नाही, त्याचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. चमक गेली म्हणून किरणोत्सर्ग गेला असं नाही. बंद घड्याळ काचेआड असताना धोका कमी असतो. खरवडलं की भुकटी उडते, ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाते आणि हाडांत जाऊन बसते. अमेरिकेत 1920 च्या दशकात डायल रंगवणाऱ्या कारखान्यांतल्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरत. जबड्याची हाडं झडून, रक्त आटून त्यातल्या अनेक जणी गेल्या.

घड्याळ पिशवीत बंद करून मुलांच्या हाताला लागणार नाही आणि कुणी उशाशी घेऊन झोपणार नाही अशा जागी ठेवा. हात साबणाने धुवा. दुरुस्तीला दिलंत तर घड्याळजींना आधी सांगा की रेडियम असू शकतं. त्यांचं डोकं दिवसभर त्या डायलवर वाकलेलं असतं, त्यांना हे माहीत असलंच पाहिजे.

तोरणमाळ (नंदुरबार)

थांबवलं. पिशवीत बंद केलं. मनापासून आभार, आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गिरणाकाठ (भडगाव)

हिरवी पायलट रद्द. विकणाऱ्याकडे मशीनचा फोटो मागितला तर म्हणाला, फोटो मिळणार नाही, घ्यायचं तर घ्या.

केस मुलाम्याची आहे हे वडिलांना दाखवलं, त्यांनाही पटलं. झाकणाच्या आतल्या नोंदी आजीला वाचून दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीत ते चाळीसगावला घड्याळ द्यायला जायचे. म्हणजे हेच गाव.

आता सर्व्हिस कुणाकडे करू? चाळीसगावच्या त्या काकांकडे की पुण्या-मुंबईला पाठवू? काकांचं दुकान फार लहान आहे, आता बहुतेक सेलच बदलतात असं तेच म्हणाले.

भुसावळ जंक्शन (भुसावळ)

दुकान लहान असण्याने काही होत नाही. हात बघा.

लंबक (धुळे)

अगदी बरोबर. घड्याळजी कसा पारखायचा ते सांगतो. झाकण त्यांनी कशाने उघडलं? योग्य हत्याराने की चाकूच्या टोकाने? उघडलेलं मशीन काचेच्या टोपाखाली ठेवलं का? आपल्याकडे कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडतात आणि उन्हाळ्यात धूळ. टोप न ठेवणाऱ्याच्या टेबलावर साफ केलेलं मशीन तासाभरात पुन्हा घाण होतं. मग विचारा की पूर्ण खोलणार का. सर्व्हिस म्हणजे मशीनचा प्रत्येक भाग सुटा करून धुणं, माणकांची भोकं साफ करणं, प्रत्येक जागी योग्य ते तेल टिपक्याएवढं घालणं आणि मग दोन-चार दिवस वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून वेळ बघणं. सगळं मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुडवून वर तेल सोडणं ही सर्व्हिस नव्हे. त्याने घड्याळ आठवडाभर छान चालतं आणि नंतर आधीपेक्षा वाईट होतं.

कमान बदलावी लागली तर जुनी परत मागा. डायल आणि काटे धुवू नका, पॉलिश करू नका, हे कागदावर लिहून द्या. ट्रिटियमचा जुना रंग ठिसूळ असतो, काटे काढताना तो सुटतो, तेवढी काळजी घ्यायला सांगा. काच प्लॅस्टिकची असेल तर ओरखडे बारीक पॉलिशने निघतात, बदलायची गरज नसते.

माझं मत विचाराल तर चाळीसगावलाच द्या, ते पूर्ण खोलणार असतील तर. कुरियरमध्ये आपटण्याचा धोका टळेल आणि काही अडलं तर समोर बसून बोलता येईल. लग्नाची घाई त्यांना सांगू नका. त्यांच्या सवडीने होऊ द्या, पण घड्याळ आजच द्या.

गिरणाकाठ (भडगाव)

घड्याळ परत आलं. काकांनी पूर्ण खोललं, कमान बदलली, जुनी कमान कागदात बांधून दिली. सेकंदकाटा त्यांच्या डब्यात जुन्या फेवरलुबाचा निघाला, तो बसवला. डायलला हात लावला नाही. झाकणाच्या आत त्यांनी आपलीही तारीख ओरखडली. मी विचारलं, आधीच्या नोंदींपैकी एखादी तुमची आहे का? त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि दोन त्यांच्या वडिलांच्या हातच्या आहेत असं सांगितलं.

आता दिवसाला 20 सेकंद पुढे जातं. हे चालेल ना? आणि लग्न आखाजीनंतर, म्हणजे ऐन उन्हात. काय काळजी घेऊ?

लंबक (धुळे)

मन भरून आलं वाचून. त्या काकांना माझा नमस्कार सांगा.

त्या वयाच्या घड्याळाला दिवसाला 20 सेकंद पुढे म्हणजे उत्तम. त्यामागे लागून पुन्हा उघडू नका. अचानक मिनिटांनी पुढे धावायला लागलं तर मात्र चुंबकत्व लागलं असं समजा. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, लॅपटॉप, यांच्यावर ठेवलं की बालकमानीचे (आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात. घड्याळजीकडे ते मिनिटभरात उतरवून मिळतं.

चावी रोज सकाळी ठरावीक वेळी, हातातून काढून द्या. हातात असताना दिली की चावीच्या दांड्यावर तिरका जोर येतो. घट्ट लागलं की थांबा, पुढे रेटू नका. पाण्यापासून पूर्ण लांब ठेवा, नाव सी-किंग असलं तरी. पन्नास वर्षांपूर्वीची सीलं आता काम करत नाहीत. हळदीला, आंघोळीला, वरातीत अजिबात नको. वैशाखात आपल्याकडे पारा 44 च्या पुढे जातो, घाम चावीच्या बाजूने आत शिरतो. मंडपात लग्न लागेपर्यंत घाला, मग काढून मऊ कापडाने पुसून ठेवा. काचेच्या आतून कधीही वाफ दिसली तर वाट न बघता त्याच दिवशी झाकण उघडून घ्या, कारण एका रात्रीत पोलादी भागांवर गंज बसतो. ट्रंक पत्र्याच्या छताखाली असेल तर जागा बदला आणि सोबत ओलावा शोषणारी पुडी ठेवा.

पट्टा नवा घ्या. जुन्या चामड्यात वर्षांचा घाम असतो आणि तो मुलामा खातो. दोन शिंगांमधलं अंतर मोजून नेमक्या मापाचा घ्या, मोठा कापून बसवू नका. जुना पट्टा आजोबांच्या हातचा असेल तर तोही जपून ठेवा.

आणि किंमत. तुम्ही परत विचारली नाहीत, पण पहिल्या प्रश्नात होती म्हणून सांगतो. विमा किंवा वाटणीसाठी हवी असेल तर अलीकडे विकल्या गेलेल्या, मूळ डायलच्या सी-किंगच्या किमती बघा. विक्रीला लावलेल्या किमती बघू नका, कोणीही काहीही लावतो.

सातपुडा (शहादा)

फोटो बघितला. डाग आहे तिथेच आहे आणि घड्याळ देखणं दिसतं आहे. इथे मूळ डायल ठेवलीत ते बरोबर केलंत.

बालकमानी (अमळनेर)

गिरणाकाठ, तुमची पायलट राहिली. आमच्या ओळखीत एका निवृत्त शिक्षिकेकडे त्यांच्या यजमानांची काळ्या डायलची आहे आणि त्यांना ती वापरणाऱ्या माणसाकडे जावी असं वाटतं. मी त्यांच्या परवानगीने मशीनचा फोटो काढून इथेच टाकते. 0231 आहे, स्क्रू स्वच्छ आहेत, काच तडकलेली आहे. भाव त्यांनी सांगायचा, तुम्ही इथे सगळ्यांसमोर विचारायचा. लंबक काका, फोटो आला की डायलच्या तळाची ओळ बघून सांगा.